महिंद्रा युनायटेड : कंपनीचा संघ आणि शहराचा क्लब (१९६२–२०१०)

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास लिहिताना ज्या संघाला वगळून पुढे जाताच येत नाही, तो महिंद्रा युनायटेड हा संघ १९६२ मध्ये एका वाहन उत्पादक कंपनीच्या आश्रयाने उभा राहिला, २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवून देशात पहिल्या क्रमांकाचा ठरला आणि त्यानंतर चार वर्षांत, मैदानावर कोणतीही मोठी पडझड झालेली नसताना, कंपनीच्या निर्णयाने बरखास्त झाला. १९९६ ते २००७ या काळात राष्ट्रीय लीगचे अकरा हंगाम झाले आणि त्यांत बंगाल, गोवा व पंजाब या तीन प्रांतांच्या बाहेर विजेतेपद गेले ते एकदाच, आणि ते मुंबईला मिळाले. एवढे मोठे यश पदरी असलेला संघ निघून गेल्यावर शहरात मोर्चा निघाला नाही, वर्गणी जमली नाही, की संघ दुसऱ्या कोणी चालवावा म्हणून हालचालही झाली नाही. या शांततेचे कारण खेळाच्या दर्जात सापडत नाही. संघ कोणाचा होता, कोणासाठी खेळत होता आणि शहराच्या कोणत्या भागाशी त्याचे नाते जुळले होते, या प्रश्नांकडे वळल्यावरच ते उलगडू लागते.

भारतात संघटित फुटबॉल रुजवण्यात ब्रिटिश पलटणींचा, आणि त्यांतही स्कॉटिश पलटणींचा, वाटा फार मोठा होता. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेल्या ड्युरँड चषकाचा पहिला अंतिम सामना रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री या दोन स्कॉटिश पलटणींमध्येच झाला, आणि पुढच्या दशकातही हायलँड लाइट इन्फंट्री व ब्लॅक वॉच यांनी हा चषक लागोपाठ तीन-तीन वेळा जिंकला. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला, त्याचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता, आणि पुढची जवळपास साडेचार दशके या चषकावर गोऱ्या लष्करी संघांचेच नाव कोरले जात राहिले. कलकत्त्याच्या मोहन बागानने १९२३ मध्ये अंतिम फेरीपर्यंत धडक मारली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढे त्यांचा निभाव लागला नाही. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने हा चषक जिंकला आणि प्रथमच एका भारतीय मुलकी संघाच्या हाती तो आला. स्वातंत्र्यानंतर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली तो आपल्याकडे राखला. या साऱ्या काळात कूपरेजच्या मैदानावर देशातील उत्तम फुटबॉल दरवर्षी पाहायला मिळे, मात्र चषक उचलून नेणारे संघ बहुधा बाहेरगावचे असत, आणि यजमान शहराला स्वतःचा म्हणावा असा मोठा क्लब नव्हता.

शहरात फुटबॉल खेळणारे लोक मात्र होते, आणि ते ठरावीक वस्त्यांमध्ये एकवटलेले होते. गोव्याहून नोकरीसाठी, विशेषतः बोटीवरच्या नोकरीसाठी, आलेले लोक धोबी तलाव, गिरगाव आणि माझगाव परिसरात आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ नावाच्या सामायिक निवासांत राहत. बिऱ्हाड नसलेल्या माणसाला अल्प भाड्यात खाट, ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि गावच्या माणसांची सोबत देणारी ही व्यवस्था होती, आणि गोव्याची फुटबॉलची आवड या लोकांबरोबर मुंबईत आली. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन आणि गोवन वस्त्या, मिशनऱ्यांच्या शाळा आणि त्यांची मैदाने यांनी तिला पुढची पिढी मिळवून दिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या याच परंपरेतून पुढे आला होता, आणि ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक, म्हणजे एका सामन्यात तीन गोल, करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळला. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅलटेक्सने जिंकला, तेव्हा मुंबईचा फुटबॉल कोणत्या वळणाने जाणार हे जवळजवळ निश्चित झाले होते.

ते वळण कंपनी-संघांचे होते. कंपनी-संघ म्हणजे एखाद्या उद्योगाने, बँकेने किंवा सरकारी खात्याने खेळाडूंना आपल्याकडे नोकरी देऊन उभा केलेला संघ. खेळाडू कागदोपत्री कारकून, मदतनीस किंवा कामगार असतो, त्याला सरावासाठी कामातून सवलत मिळते, आणि खेळणे थांबल्यावरही त्याची नोकरी चालू राहते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बेस्ट, पोलीस, कस्टम्स अशा नावांनी मुंबईची जुनी हारवूड लीग भरलेली असे. या पद्धतीला आज नाक मुरडण्याची रीत पडली आहे, पण ती अन्यायाची आहे. चाळीतल्या एका खोलीत वाढलेल्या मुलाला फुटबॉल खेळल्याबद्दल महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि घरच्यांच्या नजरेत मान मिळवून देणारी दुसरी कोणतीही व्यवस्था त्या काळी या शहरात नव्हती, आणि हजारो खेळाडूंचे संसार तिने उभे केले. तिचा दोष दुसरीकडे होता: संघाचे अस्तित्व पूर्णपणे मालकाच्या इच्छेवर आणि ताळेबंदावर टांगलेले असे, आणि प्रेक्षकाला त्यात कोणतेही स्थान नसे. टाटांच्या संघाला पाठिंबा द्यायचा तो टाटांत नोकरी करणाऱ्याने. लालबागच्या चाळीतल्या माणसाने त्यात आपले काय पाहायचे, याचे उत्तर कंपनीकडे नव्हते आणि तिला त्याची गरजही वाटत नव्हती.

लालबाग, परळ, हिंदमाता, भोईवाडा आणि नायगाव या गिरणगावच्या पट्ट्याचा विचार येथे जरा सविस्तर केला पाहिजे, कारण एखादा फुटबॉल क्लब पिढ्यान्‌पिढ्या जगवण्यासाठी जी सामाजिक सामग्री लागते ती मुंबईत सर्वाधिक याच भागात होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची दाट वस्ती, पाळ्यांमध्ये बांधलेले आयुष्य, गावकीच्या खोल्या, खाणावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे आणि एका हाकेसरशी गोळा होणारी वर्गणी हे सारे येथे होते. या वस्तीने निष्ठा वाहिली ती प्रामुख्याने कबड्डीला, कारण कबड्डीला मोठे मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही आणि मंडळाच्या नावात गल्लीचे नाव असते. खुद्द महिंद्राचे नाव या भागातल्या क्रीडाप्रेमींना फुटबॉलपेक्षा कंपनीच्या कबड्डी संघामुळे अधिक परिचित होते. फुटबॉल या वस्तीला परका होता असे मात्र नाही. हिंदमाताजवळचे परळचे सेंट झेवियर्स मैदान हे शहरातल्या फुटबॉलचे एक नेहमीचे ठिकाण आहे, आणि स्थानिक लीगचे कितीतरी सामने तेथे होत आले आहेत. पण राष्ट्रीय दर्जाचा सामना पाहायचा तर कूपरेज गाठावे लागे, आणि ते शहराच्या दक्षिण टोकाला, सचिवालय व मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांच्या शेजारी होते. पहिली पाळी करून घरी परतलेल्या कामगाराचे पाय तिकडे वळणे अवघडच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्यांबरोबर त्यांच्या आश्रयाने चाललेले खेळही विरत गेले.

महिंद्रा कंपनीची कथा गिरण्यांहून वेगळी होती. १९४५ मध्ये लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झालेली ही कंपनी, भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाल्यावर, १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. सुरुवातीला पोलादाचा व्यापार करणाऱ्या या कंपनीने माझगावमध्ये जीप गाड्यांची जुळणी सुरू केली, आणि पुढे तिचे मुख्य कार्यालय वरळीत, म्हणजे गिरणगावाच्या काठावरच, स्थिरावले. तिचा फुटबॉल संघ १९६२ पासून खेळू लागला. पहिली तीनएक दशके तो शहरातल्या अनेक कंपनी-संघांपैकी एक होता. नव्वदच्या दशकात गिरण्यांचे संघ मावळत असताना हा संघ वर चढू लागला आणि १९९८ मध्ये त्याने ड्युरँड चषक जिंकला. त्यामागचे कारण उघड आहे: १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेत वाहन उद्योग वाढत होता, आणि ज्या काळात कापड उद्योगाला खेळाडूंचा पगार परवडेनासा झाला त्याच काळात या कंपनीला देशभर ओळखले जाणारे नाव हवे होते.

१९९६ च्या अखेरीस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. लीग म्हणजे बाद पद्धतीऐवजी प्रत्येक संघाने प्रत्येकाशी आपल्या व परक्या मैदानावर खेळण्याची, गुणांवर विजेता ठरवणारी दीर्घ स्पर्धा. अशा स्पर्धेत आठवड्याभराच्या चषकासाठी जमवलेला संघ पुरत नाही, तर वर्षभर टिकणारी फळी, प्रशिक्षक, वैद्यकीय मदत आणि प्रवासाचा खर्च लागतो. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर संघाचे नाव ‘महिंद्रा युनायटेड’ झाले. कंपनीच्या दुहेरी नावाच्या जागी क्लबला शोभेल असे नाव घेण्यामागे, आपण एका उद्योगाचे कर्मचारी नसून एका शहराचा संघ आहोत असे सांगण्याची इच्छा दिसते, आणि ती प्रामाणिक होती असे मानायला जागा आहे, कारण पुढच्या दहा वर्षांत कंपनीने संघावर खर्च करताना हात आखडता घेतला नाही. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड चषक आला. इंग्लंडहून आलेले प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या काळात, २००३ मध्ये, संघाने फेडरेशन चषक जिंकला, आणि त्यानंतर गोव्याच्या डेरिक परेरा यांच्याकडे सूत्रे आल्यावर २००५ चा फेडरेशन चषक व त्यापाठोपाठ २००५-०६ ची राष्ट्रीय लीग असे दुहेरी यश मिळाले.

तो संघ पाहिलेल्यांच्या स्मरणात आजही ताजा आहे. आधी मोहन बागानकडून खेळलेला ब्राझीलचा जोझे रामिरेझ बरेटो हा मध्यरेषेपुढे चेंडू पायाशी ठेवून सामन्याचा वेग हवा तसा बदलणारा खेळाडू होता. घानाचा युसिफ याकुबू गोलपोस्टसमोर अतिशय नेमका होता. आणि उजव्या बगलेवरून धावणारा, फ्री किक घेण्यात वाकबगार असलेला स्टीव्हन डायस हा मुंबईचाच मुलगा होता. कोलकात्याच्या क्लबांना लाखोंच्या पाठिंब्याचे बळ आणि गोव्याच्या क्लबांना घराघरांतून येणाऱ्या खेळाडूंचे बळ असताना, या दोन्हींविना केवळ नियोजन, प्रशिक्षण आणि निवड यांच्या जोरावर मुंबईने ईस्ट बंगालला मागे टाकून लीग जिंकली, ही भारतीय फुटबॉलमधली असामान्य कामगिरी होती आणि तिची नोंद मराठी क्रीडालेखनात जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. २००७ मध्ये आशियाई महासंघाच्या एएफसी चषकात संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड चषक जिंकला. २०१० मध्ये, राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगचा हंगाम संपल्यावर, कंपनीने संघ बंद केला. व्यावसायिक संघाऐवजी शालेय व तळागाळातील फुटबॉलवर लक्ष केंद्रित करण्याचे धोरण तिने जाहीर केले, आणि त्यानंतर सुरू झालेल्या ‘महिंद्रा यूथ फुटबॉल चॅलेंज’ या आंतरशालेय उपक्रमासाठी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक क्लबशी सहकार्य केले.

सेल्टिकची निवड झाली ती प्रशिक्षणातील त्याच्या लौकिकामुळे असणार. पण मुंबईतील एका बंद पडलेल्या संघाच्या जागी ज्याला बोलावले गेले, त्या क्लबचा स्वतःचा इतिहास पाहिला की मुंबईच्या उणिवेवर लख्ख प्रकाश पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळातून जगण्यासाठी निघालेले हजारो लोक ग्लासगोच्या पूर्व भागात, गिरण्या आणि कारखान्यांच्या सावलीत, दाटीवाटीने राहू लागले. या वस्तीतल्या मुलांच्या जेवणाचा खर्च भागवण्यासाठी ब्रदर वॉलफ्रिड या मॅरिस्ट धर्मबंधूने १८८७ मध्ये सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात क्लबची स्थापना केली, आणि मे १८८८ मधल्या पहिल्या सामन्यात या क्लबने शहरातल्याच रेंजर्सला ५-२ असे हरवले. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानचा २-१ असा पराभव करून युरोपियन चषक जिंकणारा सेल्टिकचा संघ तर असा होता की त्यातला प्रत्येक खेळाडू क्लबच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेला होता. भारताशीही या क्लबचे एक जुने नाते आहे: १९३६ मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम ग्लासगोला जाऊन सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोन सामने अनवाणी, पायांना पट्ट्या गुंडाळून खेळला, आणि गॅल्स्टनविरुद्ध त्याचा खेळ पाहून तिथले लोक थक्क झाले. एका युरोपीय क्लबकडून खेळलेला तो पहिला भारतीय मानला जातो.

सेल्टिकही कंपनीच होता आणि आहे; १८९७ पासून तो मर्यादित कंपनी म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे भांडवल विरुद्ध भावना अशी सोपी मांडणी येथे लागू पडत नाही. फरक दिसतो तो संकटाच्या वेळी. १९९४ मध्ये कर्जामुळे क्लब दिवाळखोरीच्या दारात असताना फर्गस मकॅन यांनी त्याचा ताबा घेतला, आणि पुढे समभाग विक्रीला काढले तेव्हा हजारो सामान्य समर्थकांनी ते घेऊन नव्या स्टेडियमसाठी पैसा उभा केला. त्याच शहरातल्या रेंजर्सची जुनी कंपनी २०१२ मध्ये अवसायनात गेली आणि नव्या कंपनीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संघाला सर्वांत खालच्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली, तेव्हा तिथल्या पहिल्या घरच्या लीग सामन्याला सुमारे ४९ हजार प्रेक्षक आले. स्कॉटलंडमध्ये क्लब मरत नाहीत, असा मात्र याचा अर्थ नाही. १८७२ मध्ये स्वयंसेवक रायफल पलटणीतून जन्मलेला थर्ड लॅनार्क हा नामांकित क्लब, सेल्टिकने युरोप जिंकला त्याच १९६७ च्या वर्षी, गैरव्यवस्थापनाने बुडाला. त्याच्या कॅथकिन पार्क या मैदानाच्या प्रेक्षकांसाठी बांधलेल्या पायऱ्या आज सार्वजनिक उद्यानात उभ्या आहेत, आणि क्लबच्या नावाची आठवण अर्ध्या शतकानंतरही तेथे जपली जाते. महिंद्रा युनायटेडच्या वाट्याला एवढीही स्मृती आलेली नाही, आणि त्याचे दुःख करताना दोष एकट्या कंपनीवर टाकता येणार नाही. संघ देशात पहिला होता त्या वर्षांतही कूपरेजच्या खुर्च्या मोठ्या सामन्यांखेरीज भरत नव्हत्या. कबड्डी मंडळांकडे, गणेशोत्सव मंडळांकडे, परळ-लालबागच्या शाळांकडे जाऊन ‘हा तुमचा संघ’ असे सांगण्याचे काम, त्या वस्तीत तरुणांची तिसरी पिढी रिकाम्या गिरण्यांच्या भिंतींकडे पाहत वाढत असताना, कोणीही सातत्याने केले नाही. क्रीडा संघटनेने नाही, कंपनीने नाही आणि वृत्तपत्रांनीही नाही.

महिंद्रापाठोपाठ २०११ मध्ये, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला फगवाड्याच्या कापड गिरणीचा जेसीटी हा संघही बंद झाला. २०१३ मध्ये आशियाई महासंघाच्या क्लब-परवान्याच्या अटी, म्हणजे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व, युवा संघ आणि स्वतःचे मैदान यांसारख्या किमान निकषांची पूर्तता, न झाल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आय-लीगमधून वगळण्यात आले, आणि कंपनी-संघांचे युग राष्ट्रीय पातळीवर संपले. २००७ मध्ये एस्सेल समूहाने काढलेला मुंबई एफसी दहा वर्षे टिकला. नावात शहर असूनही मध्यंतरी मैदानाअभावी त्याला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले, आणि २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरल्यावर तोही बंद पडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आलेल्या मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ मध्ये लीग आणि चषक दोन्ही जिंकले, तेव्हा त्याचा बहुसंख्य हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाकडे होता आणि त्याचे घरचे मैदान अंधेरीत होते. रोव्हर्स चषक तर २०००-०१ नंतर झालेलाच नाही.

परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने अलीकडे पावसाचे पाणी साठवणाऱ्या मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. भरतीच्या वेळी समुद्रात न जाऊ शकणारे, हिंदमाता भागात तुंबणारे पाणी तेथे वळवले जाते. शहराचा एक जुना त्रास कमी करण्यासाठी या मैदानाने दिलेली जागा मोलाची आहे, आणि म्हणूनच त्याच्या पृष्ठभागावरचा खेळ टिकवण्याची जबाबदारीही महापालिकेने तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी, कारण या पट्ट्यातील मुलांना पूर्ण मापाच्या मैदानावर फुटबॉल खेळायला मिळेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. संघ उरला नाही, तरी महिंद्रा युनायटेडचे खेळाडू आज प्रशिक्षक म्हणून देशभर विखुरले आहेत. महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांकडून खेळलेल्या आणि पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद अनेक वर्षे सांभाळलेल्या खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. ज्या तीन संघांत ते घडले, त्यांपैकी एकही त्या दिवशी राष्ट्रीय स्पर्धेत नव्हता.